मागून आलेली थोरली

इलाफुन,
९ जानेवारी १९६१

थोरल्या केहिंदेस,
धाकट्या ताइवोचा गुडघा टेकून नमस्कार. एकच गुडघा टेकला आहे. दुसरा आपल्या म्हाताऱ्या आईला, इयाला, उचलून उचलून कामातून गेला, तेव्हा एकावरच भागवून घे.

तू इबादानला सुखरूप पोचलीस हे आपल्या पाठच्या भावाने, इदोवुने, लॉरीवाल्याला विचारलं म्हणून कळलं. तू चार ओळी टाकल्या असत्यास तर तुझा हात झिजला नसता. इयाचं लग्नातलं विणीचं वस्त्र न्यायला मात्र विसरली नाहीस! पेटी उघडली तर तळाशी नुसत्या कडुनिंबाच्या काड्या.

काल सकाळी पुजारी आवोरो बाबा आले. पांढरी टोपी, पांढरं धोतर, मागे चार म्हातारे. मी त्यांना बसायला चटई दिली, पाणी दिलं. मला वाटलं, इया जाऊन महिना झाला, विचारपूस करायला आले असतील. ते आले होते आपल्या पांढऱ्या देवाच्या, ओबातालाच्या, देवघराचं बोलायला. इयाच्या मागे ते कुणी सांभाळायचं? बाबा म्हणाले, "थोरलीने. दुसरं कोण?" मी म्हटलं, "थोरली इबादानला राहते, रविवारी चर्चला जाते, आणि तिच्या स्वयंपाकघरात पाम तेलाचा डबा असतो, जे आपल्या देवाला वर्ज्य." बाबा म्हणाले, "थोरली ती थोरलीच."

आता मला सांग, ही थोरली कशी झाली? आईच्या पोटातून आधी कोण बाहेर आलं? मी. भर दुपारी, उन्हात, उलटी टांगून पाठीवर चापट कुणी खाल्ली? मी. तू आत आरामात पडून होतीस. आणि सगळं गाव म्हणतं, तूच मला पुढे पाठवलंस! "जा गं, जग चाखून ये, बरं असलं तर ओरड." मी ओरडले, मग बाईसाहेब आल्या, म्हणून त्या थोरल्या. मी बावन्न वर्षं तुझी निरोप्या. कोंबडीची तंगडी तुला, पंख मला. नवं कापड तुला आधी. आपण मिशन शाळेत गेलो तेव्हा पाटी तुझी आणि फडकं माझं.

ते सगळं मी गिळलं. पण देवघर? तीस वर्षं दर चौथ्या दिवशी पहाटे ओढ्यावरून पाणी मी आणलं. डोक्यावर घडा, हातात घंटा, आणि वाटेत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. माझ्यासारखीने! वाटेत शेजारीण सुनेची गाऱ्हाणी सांगत सोबत चालायची आणि मला नुसती मान हलवावी लागायची. देवाच्या गोगलगाई मी साफ केल्या, बिनमिठाचं कालवण मी रांधलं, इयाची पांढरी वस्त्रं डाग राहू न देता मी धुतली. आणि इया जाताना काय म्हणाली? "केहिंदे आली का?"

तू आली नव्हतीस. तार मिळूनही तू तिच्या आठव्या दिवसाच्या जेवणाला नवव्या दिवशी उगवलीस. इबादानात राहून तुला बोटं मोजायचीही सवय राहिली नाही. सगळी भावकी बघत होती.

माझा जळफळाट होतो आहे हे मी लपवत नाही. म्हातारे म्हणाले तसं कळवलं. आता तुझं काय ते लिही.

ताइवो


इबादान,
२० जानेवारी १९६१

प्रिय ताइवो,
तुझं पत्र आलं. शेजारच्या बाईसमोर वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला आत जाऊन वाचावं लागलं.

वस्त्र मी चोरलं नाही. इयाने ते मला मागेच, मी बाळंत झाले तेव्हा, देईन म्हणून सांगितलं होतं, आणि तेव्हा तू तिथे बसून शेंगा सोलत होतीस. आता आठवत नसेल तर नाइलाज आहे.

देवघर मी मागितलं नव्हतं. पण दारात चालत आलेलं नाकारीन असंही समजू नकोस. तुला वाटतं मी इथे पलंगावर लोळते. इथे मी कोण आहे ठाऊक आहे? "रेल्वेतल्या अदेगोके बाबूंची बायको." ते वारल्यापासून "अदेगोके बाबूंची ती विधवा". माझं नाव या गल्लीत एकाही माणसाला माहीत नाही. इलाफुनमध्ये मात्र मी अजून केहिंदे आहे. तिथे म्हातारे मला देवघरासाठी बोलावतात आणि ते ऐकून मला बरं वाटतं. लाज कसली त्यात?

चर्चचं तू टोचून लिहिलंस. चर्चमधल्या अर्ध्या बायकांच्या घरी मागच्या खोलीत कुणी ना कुणी देव आहे.

इयाने शेवटी माझं नाव घेतलं म्हणून तुझ्या पोटात दुखतं. अगं, जो समोर नसतो त्याचंच नाव माणूस घेतो. मला तिने तीस वर्षांत जी पत्रं पाठवली ती सगळी तू लिहिलीस. त्या प्रत्येक पत्रात काय असायचं? ताइवोने छप्पर शाकारून घेतलं, ताइवोने बाजारात कोणाला तरी शिव्या दिल्या, ताइवोला ताप आहे. माझ्याबद्दल शेवटी एक ओळ, "तू बरी असशील." तेव्हा मीही मुकाट्याने गिळलंच की.

तू लिहितेस, कामं मी केली. लहानपणी आपण ऐकलेलं तू विसरलीस. सगळ्या देवांच्या वरच्या ओलोदुमारेने धरती करायचं काम थोरल्या ओबातालाला दिलं. पिशवीत वाळू, पाच बोटांची कोंबडी. तो वाटेत ताडी प्यायला आणि झोपला. धाकट्या ओदुदुवाने पिशवी उचलली, साखळीने खाली उतरला, पाण्यावर वाळू ओतली, कोंबडीने ती पसरली आणि धरती झाली. मग राज्यंही ओदुदुवाच्याच पोरांना मिळाली. पण आपल्या घरात पांढरं वस्त्र कुणाचं आहे? काम करणाऱ्या धाकट्याचं नाही. झोपलेल्या थोरल्याचंच आहे. माणसाचं शरीर घडवायचं काम देवाने त्यालाच दिलं. आपली नाकंसुद्धा त्यानेच काढली, तुझं जरा घाईत.

विधी कधी आहे ते कळव. मी येईन.

केहिंदे


इलाफुन,
१४ फेब्रुवारी १९६१

थोरल्या केहिंदेस,
धाकट्या ताइवोचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. आज कमी दुखतो आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रागावले नाही. तू म्हणतेस ते खरंच आहे, थोरली ती थोरली. मी इदोवुलाही तेच सांगितलं. तो मागावरून मान वर न करता म्हणाला, "तुला ताप आहे का?" जुळ्यांच्या पाठीवर आलेला असाच असतो, उर्मट.

तुझ्यासाठी खोली झाडून घेतली आहे. पाम तेलाची भांडी घराबाहेर नेली. शिआच्या बियांचं पांढरं लोणी आणलं. गोगलगाई टोपलीत झाकून ठेवल्या आहेत, रोज पपईचं पान घालते. आवोरो बाबांनी आज कोलाचं बी फोडून, पाकळ्या टाकून देवाला दिवस विचारला. आज ओबातालाचा दिवस. आजपासून नवव्या दिवशी विधी, सकाळी. तू आलीस की देवासमोर पांढरा कोला टाकतील, तो हो म्हणाला की देवघर तुझं.

बाकी गावात सगळं ठीक. ओदुदुवाचं तू लिहिलंस ते वाचून मी खूप विचार केला. लोक त्याला चोर म्हणतात. पण पिशवी वाटेवर पडलेली होती आणि थोरला घोरत होता. जे मागे राहतात ते उठेपर्यंत जगाने पाण्यातच पोहत राहायचं का? असो. त्यावरून पुढे दोघांच्या माणसांत मारामाऱ्या झाल्या आणि ओबातालाही जळफळला. देवांना जळायला चालतं, मग मला का नाही, एवढंच माझं म्हणणं.

सावकाश ये. लॉरीत पुढच्या बाजूला बस, मागे धूळ फार येते.

ताइवो


इलाफुन,
२७ फेब्रुवारी १९६१

थोरल्या केहिंदेस,
धाकट्या ताइवोचा नमस्कार.

तू परवा पोचली असशील. मला फार वाईट वाटतंय. तू पांढरे कपडे घालून, हातात पाहुण्याची परडी घेऊन दारात आलीस आणि मी विधीची चटई गुंडाळत होते. तुझा चेहरा बघवेना. पण चूक कुणाची? नववा दिवस म्हणजे नववा दिवस. इथे आजचा दिवस पहिला धरतात, हे लहान पोरालाही कळतं. चौदाला धरलं की बावीस. तू उद्यापासून मोजलंस आणि तेवीसला आलीस. इबादानची माणसं पोटातल्या बाळाचे महिनेही असेच मोजत असतील. मी तारीख लिहायला हवी होती, हे मान्य. माझ्या डोक्यातच आलं नाही.

म्हाताऱ्यांनी ऊन डोक्यावर येईपर्यंत तुझी वाट पाहिली. बाबा दोनदा म्हणाले, "थोरली आली का?" मी म्हटलं, "नाही आली." मग ते म्हणाले, देवाला ताटकळत ठेवता येत नाही, धाकटीच्या नावाने विचारू. मी नको नको म्हटलं. कोला टाकला आणि पहिल्याच फेकीत दोन पाकळ्या उताण्या, दोन पालथ्या. स्वच्छ होकार! बायकांनी आरोळी ठोकली. बाबांनी इयाची शिशाची कडी माझ्या हातात घातली, पांढरी मण्यांची माळ गळ्यात. मी रडले.

तू दुसऱ्या दिवशी आलीस तेव्हा मी मिठी मारली, तुला याम कंदाची पेज वाढली, तू दोन वाट्या खाल्ल्यास आणि परतीची लॉरी पकडलीस. रागावलीस का? रागाव. पण देव बोलला, आता मी काय करणार?

एक खरं सांगते. तू गेलीस आणि मला हसू आलं. एकटीच देवघरात बसून हसले. बावन्न वर्षांत पहिल्यांदा तंगडी माझ्या ताटात आली.

ताइवो


इबादान,
४ मार्च १९६१

ताइवो,
तू लिहितेस, पहिल्याच फेकीत. पहिल्या फेकीत तीन पाकळ्या पालथ्या पडल्या. देव नाही म्हणाला. बाबांनी तुझ्याकडे बघितलं, तुझं तोंड शिआच्या लोण्यासारखं पांढरं पडलं, तू देवाच्या पायाशी डोकं टेकवून काहीतरी पुटपुटलीस. मग दुसऱ्यांदा टाकला. तेव्हा दोन आणि दोन.

मी तिथेच होते. देवघराला लागूनच्या इदोवुच्या मागाच्या पडवीत, कुडाच्या भिंतीआड. एकवीसच्या संध्याकाळी आले. आठव्या दिवसाला नवव्या दिवशी येऊन भावकीसमोर जी शोभा झाली, ती मी दुसऱ्यांदा करून घेईन असं तुला वाटलंच कसं? तुझं पत्र आल्या आल्या खालच्या कोला विकणाऱ्या बाईसोबत बोटांवर मोजलं. आणि मोजता मोजता कळलं. तू, जी फोटोच्या मागेही तारीख घालते, जिने शेळी व्यायली त्याची तारीख मला कळवली होती, ती विधीची तारीख लिहायला विसरते? शिवाय "दोन्ही गुडघे टेकून". तिथेच तुझं पितळ उघडं पडलं, बये.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी ठरवून आले होते की बाबा "थोरली आली का" म्हणाले की कुडाआडून बाहेर यायचं आणि सगळ्यांसमोर तुझं पत्र वाचायचं. पत्र कमरेला खोचलं होतं. इदोवु म्हणाला, "जा, बोल." बाबांनी पहिल्यांदा विचारलं, मी उठले. दुसऱ्यांदा विचारलं, मी दारापर्यंत आले.

आणि मी बाहेर आले नाही. मन मोठं होतं म्हणून नव्हे, तसा समज करून घेऊ नकोस. मी घाबरले. मी बाहेर आले असते तर बाबांनी दोघींच्या नावाने कोला टाकला असता, आणि मला ठाऊक होतं तो कुणाच्या बाजूने पडला असता. तू चटईवर ज्या तऱ्हेने बसलीस ना, पाय दुमडून, गुडघा दुखत असूनही, उजवा हात घड्यावर, तशी इया बसायची. मला तसं बसताच येत नाही. ती कडी तुझ्या हातात अशी सरकली की जणू कधी बाहेरच नव्हती. माझ्या मनगटात ती शिरलीसुद्धा नसती.

मग तू घडा डोक्यावर घेऊन देवघराभोवती फिरलीस. म्हाताऱ्या बायका तुझ्या पायाशी वाकल्या. ताइवो, मी कुडाआड उभी राहून जळले. बावन्न वर्षं हेवा म्हणजे काय ते मी फक्त तुझ्याकडूनच ऐकून होते. त्या दिवशी तो माझ्या छातीत येऊन बसला आणि अजून उठला नाही. इथे येऊन मी इयाचं ते वस्त्र काढून नेसून बघितलं. म्हटलं, एवढं तरी माझं आहे. नुसतं वस्त्र होतं ते.

दुसऱ्या दिवशी उशीर झाल्याचं सोंग केलं, कारण तुझ्या तोंडावरचं खोटं मला समोरून बघायचं होतं. तू चांगलं खोटं बोलतेस. पेज आळणी होती.

पांढऱ्या देवासमोर खोटं चालत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हे मी बाबांना कळवायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. एक कागद लिहून ठेवला आहे. पाकीट बंद केलेलं नाही.

केहिंदे


इलाफुन,
९ मार्च १९६१

केहिंदे,
तुझं पत्र कालच आलं. रात्रभर जागी. सकाळी ओबातालाचा दिवस नव्हता तरी घडा घेऊन ओढ्यावर गेले, परतताना वाटेत शेजारीण म्हणाली, "काय गं, तोंड उतरलं?" आणि मी नियम मोडून तिला म्हटलं, "उतरणारच." मग तशीच घडा डोक्यावर घेऊन आवोरो बाबांच्या दारात.

तुझं पाकीट उघडंच राहू दे. मीच सांगितलं. सगळं. तारीख का नाही लिहिली ते, पहिली फेक काय पडली आणि तुला काय कळवली ते, एकटीच बसून हसले ते. तू कुडाआड होतीस हेही. तुझ्या धमकीला घाबरून सांगितलं असं समजू नकोस. थोडी घाबरलेच. पण त्याहून जास्त मला त्या पांढऱ्या वस्त्रात बसवेना. चोरून खाल्लेल्या तंगडीची चवच लागत नव्हती, ती तू वाढली असतीस तरी लागली नसती. मला ती देवाने वाढायला हवी आहे.

बाबांनी टोपी तोंडावर ओढली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते. म्हणाले, "एक चोरून घेते, दुसरी चोरून बघते. तुमच्या आईने तुम्हाला एकाच टोपलीत कशी वाढवली?" मग चेहरा कडक केला. सोळा गोगलगाई आणि पांढऱ्या कापडाचा एक पूर्ण तागा दंड. दंड दोघींनाही आहे, निम्मा तुझा, कारण देवाच्या विधीला लपून बसणं हाही गुन्हाच. घेऊन ये.

कडी आणि माळ मी उतरवून देवाजवळ ठेवली. कडी काढताना हात सोलला. कोला पुन्हा टाकायचा ठरला आहे, दोघींना समोरासमोर बसवून, दोघींच्या नावाने. ज्या बाजूला पडेल तिचं देवघर, आणि दुसरीने आयुष्यभर तोंड उघडायचं नाही. तुझ्या बाजूने पडला तर मी तुला ओढ्याची वाट दाखवीन, घंटा कशी धरायची ते शिकवीन, आणि मग मी काय करीन ते मला ठाऊक नाही.

दिवस आहे शनिवार, मार्चची अठरा तारीख, एकोणीसशे एकसष्ट. मोजू नकोस, वाच. सकाळी सूर्य उगवताना. सतराच्या दुपारच्या लॉरीने ये, माझ्याकडेच उतर, इदोवुकडे नाही. त्याला मी काल असं काही बोलले आहे की तो अजून मागावर बसलेला नाही.

आता एक विचारते. तू कुडाआडून माझ्याकडे बघून जळलीस, हे खरं लिहिलं आहेस ना? मला बरं वाटावं म्हणून नाही ना? माझ्याकडे बघून आजवर कुणी जळलेलं नाही, केहिंदे. जन्मात नाही. मला त्या चार ओळी पुरल्या नाहीत. कधी सुरू झालं, कडी घातली तेव्हा की घडा उचलला तेव्हा? छातीत कुठे? इबादानपर्यंत तसंच राहिलं का? जेवताना होतं का? सगळं नीट लिही, दोन पानं तरी. कंजूषपणा करू नकोस.

हे मिळालं त्याच दिवशी उत्तर टाक, म्हणजे अठराच्या आधी पोचेल. कोला कुणाच्याही बाजूने पडो, त्याआधी मला ते वाचायचं आहे.

ताइवो